घरच्या घरी फ्लेवरवाला कॉफी क्रीमर: कॉफीत घातला की फाटतोय, आणि या उन्हात टिकवायचा कसा?

विजापूररोडची_संध्या

नमस्कार मंडळी, एक मदत पाहिजे. मुलगी हैदराबादला नोकरीला आहे, आता महिनाभर घरून काम करायला सोलापूरला आलीय. तिला सकाळी काळी कॉफी करून त्यात व्हॅनिलाचा नाहीतर हेझलनटचा लिक्विड क्रीमर (दुधाऐवजी घालायचं गोड, फ्लेवरवालं द्रव) ओतून प्यायची सवय लागलीय, तिथं ऑफिसात कुणीतरी परदेशातनं बाटल्या आणतंय म्हणे. इथं नव्या पेठेत दोन-तीन दुकानांत विचारलं तर पावडरचा डबा काढून दाखवतेत, लिक्विड कुणाकडंच नाही, आणि ऑनलाइनची किंमत बघितल्यावर घ्यायची इच्छाच राहिली नाही. म्हटलं घरात रतीबाचं म्हशीचं दूध येतंय, वेलदोडे जायफळ दालचिनी सगळं आहे, मग घरीच का करू नये.

कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणला, त्यात दूध आणि व्हॅनिला इसेन्स घालून हलवलं, चव एकदम मस्त आली. पण तिच्या कॉफीत घातलं की वर बारीक बारीक कण तरंगायला लागले, फाटल्यासारखे. दूध तर त्याच दिवशी सकाळचं होतं आणि आमच्या नेहमीच्या दुधाच्या कॉफीत असं कधीच होत नाही, त्याच दुधाची कॉफी हे रोज दोन वेळा पितेत.

तर प्रश्न असे की फाटतंय का, डब्याशिवाय करता येतं का, हेझलनट इथं मिळत नाही तर त्या चवीच्या जवळ जाणारं काय आहे, आणि केलेला क्रीमर फ्रीजमध्ये किती दिवस ठेवायचा? बाहेर ४२-४३ चालू आहे आणि लाईटीचं तुम्हाला माहीतच आहे. शिवाय ह्यांना शुगर आहे, ते पण मागणार हे नक्की, त्यांच्यासाठी काही वेगळं करता येतंय का बघा.

मोहोळचा_डेअरीवाला

संध्याताई, दूध चांगलं असताना पण फाटतं, त्याचं कारण प्रमाणात आहे.

आपल्या नेहमीच्या कॉफीत कपभर दूध आणि चमचाभर पावडर असते, तिथं दुधाचं राज्य. मुलीच्या कपात उलटं, कपभर काळी कॉफी आणि वरनं दोन चमचे दूध. कॉफी ही आंबट वस्तू आहे, जिभेला कडू लागते म्हणून लक्षात येत नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढी वस्तू आंबट; दुधाचा पीएच साधारण ६.६ ते ६.७ असतो आणि काळ्या कॉफीचा पाचच्या आसपास. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन ४.६ ला गोळा होतं पण दूध उकळतं गरम असेल तर तेवढं खाली जायची पण वाट बघत नाही, आधीच गोळा व्हायला लागतं. म्हणजे तुमचे दोन चमचे दूध एकदम आंबट आणि कढत अशा दोन्हीत पडतंय, बिचारं काय करणार.

आता त्या परदेशी बाटलीत हे का होत नाही ते पण बघा. मुलीकडनं लेबलचा फोटो मागवा, त्यात दूध बहुतेक नसणारच. पाणी, साखर, वनस्पती तेल, सोडियम केसीनेट, डायपोटॅशियम फॉस्फेट, कॅराजीनन अशी नावं दिसतील. फॉस्फेट आंबटपणा सांभाळून घेतं म्हणून फाटत नाही, कॅराजीनन समुद्री शेवाळातनं काढतेत, त्यानं दाटपणा येतो. अमेरिकेत १९६१ साली कार्नेशन कंपनीनं कॉफीमेट नावाची पावडर आणली तेव्हापासनं हा प्रकार घराघरात गेला, फ्रीजशिवाय टिकणारं 'दूध' म्हणून. आणि एक महत्त्वाचं, नॉन डेअरी लिहिलेलं असलं तरी सोडियम केसीनेट दुधापासनंच करतेत, घरात कुणाला दुधाची ॲलर्जी असली तर त्या शब्दावर जाऊ नका.

घरी काय करायचं ते सांगतो.

रतीबाचं दूध आलं की लगेच उकळून घ्या. सकाळचं दूध म्हणजे ताजं असं या दिवसांत धरू नका, गोठ्यातनं निघून तुमच्या दारात येईपर्यंत त्याला ऊन लागलेलं असतं, थोडा आंबटपणा चढलेला असतो, तो चवीला कळत नाही पण कॉफीत गेला की कळतो. शंका असली तर चमचाभर क्रीमर वाटीत घेऊन त्यात चमचाभर कढत कॉफी घालून बघा, अख्खा कप वाया जात नाही.

दुसरं, फ्रीजमधला गार क्रीमर कढत कॉफीत ओतू नका. आधी कपात क्रीमर घ्या, थोडा कोमट करा, मग त्यावर कॉफी हळूहळू ओता, हलवत हलवत. कॉफी उकळून दोन मिनिटं थांबलेली असावी. एवढ्यानंच बहुतेक वेळा काम होतंय.

तिसरं म्हणजे खायचा सोडा. अर्धा लिटर क्रीमरला चमच्याचा आठवा हिस्सा, त्याच्या वर नको, नाहीतर साबणासारखी चव येते. बाटलीतलं फॉस्फेट जे काम करतंय तेच थोड्याफार प्रमाणात सोडा करतो.

आणि साय. घरचा क्रीमर होमोजिनाइज केलेला (म्हणजे फॅट बारीक करून एकजीव केलेला) नसतो म्हणून फॅट वर येणारच, ते फाटणं नव्हे, बाटली हलवली की मिसळतं. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के फॅट सहज असतं त्यामुळं वर थर जरा जाडच येईल. तुमचे कण बोटात घेऊन बघा, चोळल्यावर तुपकट लागले तर साय आहे, रवाळ लागले तर फाटलंय.

अशोकचौक_पद्मा

काकांनी फाटायचं बरोबर सांगितलं. मी डब्याशिवायचं सांगते कारण माझं स्पष्ट मत आहे की ज्या घरात म्हशीचं दूध येतंय त्या घरात कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणायची काही गरज नाही. बासुंदी करता येते ना तुम्हाला? मग क्रीमर आलाच, फक्त अलीकडं थांबायचं.

एक लिटर दूध रुंद तोंडाच्या जाड पातेल्यात घ्यायचं, उंच भांड्यात घेतलं तर तासभर उभंच राहावं लागतं. उकळी आली की गॅस मध्यम, आणि बाजूची साय सारखी खरवडून आत लोटायची नाही, इथंच बासुंदी आणि क्रीमर वेगळे होतात. बासुंदीला आपल्याला साईचे पदर पाहिजे असतात, क्रीमरला एक पण कण नको असतो, म्हणून दूध सतत हलवत राहायचं, साय धरूच द्यायची नाही. लिटरचं ६०० मिलीच्या आसपास आलं की १०० ते १२० ग्रॅम साखर आणि काकांनी सांगितला तो चिमूटभर सोडा घालायचा. सोडा घातला की दुधाला हलका बदामी रंग येतो, थोडी खरपूस गोडी पण येते, ती मला तर व्हॅनिलापेक्षा जास्त आवडते. साखर विरघळली की पाच मिनिटांत बंद. बारीक गाळणीतनं गाळायचं, शक्य असलं तर मलमलच्या फडक्यातनं.

आता फ्लेवर. इथं बरेच जण गडबड करतेत, सगळ्या पावडरी टाकून मोकळे होतेत. पावडर कॉफीत विरघळत नाही, तळाशी बसते आणि शेवटचा घोट घशात खरखरतो. दालचिनीची पावडर तर अजिबात घालू नका, ती दुधात भिजली की बुळबुळीत होते, गाळली तरी तो चिकटपणा जात नाही. दालचिनीचा बोटभर तुकडा दूध आटत असतानाच टाकायचा आणि गाळताना काढायचा. वेलदोडे सालासकट ठेचून घालायचे, पण शेवटच्या दहा मिनिटांत, सुरुवातीला घातले तर वास पातेल्यावरच उडून जातो. जायफळ किसून अगदी चिमटीभर, गॅस बंद केल्यावर. केशर असलं तर कोमट दुधात आधी खलून घ्या. व्हॅनिला इसेन्स मात्र पूर्ण कोमट झाल्यावरच, अर्ध्या लिटरला एक चमचा पुरतो. गरम दुधात घातला तर घरभर वास सुटतो आणि बाटलीत काही उरत नाही.

हेझलनटच्या जवळ जाणारं म्हणाल तर चारोळी. आपण ती बासुंदीवर, श्रीखंडावर नुसती पेरतो, तिच्या वासाकडं लक्षच देत नाही. मूठभर चारोळी मंद गॅसवर कोरडीच भाजायची, रंग जरा बदलला आणि वास सुटला की लगेच काढायची, त्याच्या पुढं गेली की कडवट होते. मग भरड कुटून गरम दुधात अर्धा तास झाकून ठेवायची आणि गाळून घ्यायची. ती गाळलेली भरड टाकू नका, शिऱ्यात जाते. हुबेहूब हेझलनट होत नाही, पण तो खमंग तेलकट सुगंध येतो आणि काळ्या कॉफीवर फार छान बसतो. चारोळी महाग वाटली तर निम्मे बदाम घ्या, साल ठेवूनच भाजायचे.

आणि एक, मुलीला फिल्टर कॉफी करून द्या की. आमच्या घरात तेलुगू, माहेरची आजी डिकॉक्शनशिवाय (फिल्टरमधनं उतरलेल्या कडक काळ्या कॉफीशिवाय) दिवस सुरू करायची नाही. स्टीलचा फिल्टर घ्या, वरच्या डब्यात तीन चमचे पावडर, दाबणीनं हलकं दाबून उकळतं पाणी, मग पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. चिकोरी (कॉफीत मिसळतेत ती भाजलेल्या मुळाची पूड) २०-३० टक्के असलेली गडद भाजलेली पावडर घ्या. असल्या गडद कॉफीत आंबटपणा कमी असतो त्यामुळं क्रीमर फाटायचा प्रश्न पण कमी. आजकाल ते हलकं भाजलेलं अरेबिका मिळतं ना, फळासारखी चव असलेलं, ते चांगलंच आंबट असतं, मुलगी तसली पावडर घेऊन आली असेल तर तुमचे कण तिथनं आलेत.

जुळेसोलापूर_वर्किंगमॉम

पद्माताई तुमची पद्धत भारी आहे पण ज्याला सकाळी आठला घर सोडायचंय त्यानं तासभर दूध कधी आटवायचं सांगा. मी डब्याचंच करते आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ४०० ग्रॅमचा डबा, त्यात तेवढंच म्हणजे ४०० मिली उकळून गार केलेलं दूध, व्हॅनिला, किंचित मीठ. मीठ विसरू नका, चिमटीभर मिठानं गोडाचा उग्रपणा जातो. बाटलीत भरून जोरात हलवायचं, पाच मिनिटांचं काम. उकळून गार केलेलंच दूध घ्या एवढी एकच अट.

कॅरामल पाहिजे असेल तर ते मात्र गॅससमोर उभं राहून करायला लागतं. अर्धी वाटी साखर जाड बुडाच्या कढईत कोरडीच वितळवायची, चमचा न घालता कढईच फिरवायची, मधासारखा गडद रंग आला की गॅस बारीक करून वाटीभर क्रीम थोडं थोडं घालायचं. क्रीम कोमटच असलं पाहिजे, फ्रीजमधलं गार घातलं तर साखरेचा दगड होतो. आणि उकळी एकदम उसळून वर येते, वाफ हातावर येते म्हणून कढई मोठी घ्या आणि लहान पोरं स्वयंपाकघरात नकोत. पाकिटातलं २५ टक्के फॅटचं क्रीम चालतं. नंतर त्यात वाटीभर उकळून गार केलेलं दूध घालून पातळ करायचं. हा माझ्या मते सगळ्यात चांगला फ्लेवर आहे, बाहेरच्या कुठल्याच बाटलीत असली भाजलेल्या साखरेची चव मी घेतलेली नाही.

चॉकलेटचं करायचं असेल तर कोको पावडर आधी दोन चमचे गरम दुधात पेस्ट करून घ्या मग बाकीचं घाला, थेट टाकली तर गुठळ्या फोडत बसावं लागतं.

शेंगा_आणि_कॉफी

गुळाचं कुणी केलंय का? साखर कारखान्यांचा जिल्हा आपला, गूळ पण चांगला मिळतो. आणि शेंगदाण्याचं? चारोळी चालते तर शेंगदाणे का नाही.

अशोकचौक_पद्मा

गूळ होतो पण सांभाळून. गूळ थोडा आंबट असतो, उकळत्या दुधात घातला की दूध नासतं, गुळाचा चहा करताना सगळ्यांना अनुभव आहेच. गूळ वेगळा थोड्या पाण्यात विरघळवून गाळून गार करायचा, दूध पण आटवून गार करायचं, मग दोन्ही एकत्र. त्यात सोडा घालाच. तरीपण कढत काळ्या कॉफीत तो कधी कधी दगा देतो, गुळाचा क्रीमर गार कॉफीला जास्त चांगला. बर्फ, डिकॉक्शन आणि गूळ-वेलदोड्याचा क्रीमर, दुपारच्या वेळेला यासारखं काही नाही.

शेंगदाण्याचं चारोळीसारखंच, खमंग भाजून साल काढून भरड. पण अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका, तेल जास्त सुटतं आणि कॉफीवर तवंग येतो.

होटगीरोड_निवृत्त

संध्याताई, तुमच्या मिस्टरांच्या शुगरबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी पण तीच परिस्थिती आहे आणि या विषयात लोक फार सहज बोलून जातात.

डब्याच्या क्रीमरचा हिशोब करून बघा. कंडेन्स्ड मिल्कमध्ये वरनं घातलेली साखर ४०-४५ टक्के असते, म्हणजे ४०० ग्रॅमच्या डब्यात पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास साखर. ४०० मिली दूध घालून साधारण ७०० मिली क्रीमर होतो. कॉफीत दोन मोठे चमचे म्हणजे ३० मिली घातलं तर सात-आठ ग्रॅम साखर गेली, जवळजवळ दोन छोटे चमचे. आणि दोन चमच्यांवर कोण थांबतंय. दिवसातनं तीन कप झाले तर नुसत्या क्रीमरमधनं सहा चमचे साखर. कॉफीत साखर घातली नाही म्हणून बिनसाखरेची झाली असं नसतं.

पावडरचा क्रीमर त्यावर उपाय नाही, त्यात साखर नाहीतर ग्लुकोज सिरप असतंच आणि बऱ्याच डब्यांत हायड्रोजनेटेड तेल. आपल्याकडं २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे हे चांगलं झालं, पण त्यानं ते तेल दूध होत नाही.

आमच्याकडं काय करतो, साधं टोन्ड दूध, ३ टक्के फॅटचं, लिटरचं पाऊण लिटर होईपर्यंत आटवायचं, साखर अजिबात नाही, आटवताना दालचिनीचा तुकडा आणि दोन वेलदोडे. आटवलेल्या दुधाला स्वतःची गोडी येते आणि दालचिनीच्या वासानं ते आहे त्यापेक्षा गोड लागतं. पण दूध आटलं म्हणजे त्यातली मूळची दुधाची साखर पण दाट होते, त्यामुळं हे पण चमच्यानंच घ्यायचं, पेलाभर नाही. किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, त्यांचं औषध काय चालू आहे यावर ते अवलंबून आहे. गूळ घातला तर चालतो हा समज मात्र डोक्यातनं काढून टाका, शुगरवाल्याला गूळ आणि साखर यात फार फरक नाही.

विजापूररोडची_संध्या

किती छान माहिती दिली सगळ्यांनी, मनापासून आभार. काकांचं ऐकून कण बोटावर चोळून बघितले, रवाळच होते. मग त्याच क्रीमरमध्ये सोडा घालून, कोमट करून, कपात आधी क्रीमर आणि वरनं कॉफी असं केलं तर एक पण कण नाही. मुलीनं आणलेली पावडर पण बघितली, हलकी भाजलेलीच निघाली, पद्माताई तुमचं म्हणणं अगदी खरं. आता शनिवारी चारोळीचं करणार आहे. ह्यांच्यासाठी बिनसाखरेचं वेगळ्या बाटलीत, बाटलीवर नाव लिहूनच ठेवते म्हणजे बदलाबदली नको.

आता फक्त टिकवायचं सांगा. काल दुपारी अडीच तास लाईट नव्हती. आणि मुलगी जाताना सोबत न्यायचं म्हणतीय, रेल्वेनं पाच-सहा तास, नेता येईल का?

मोहोळचा_डेअरीवाला

ताई, टिकवायचं नीट समजून घ्या, इथं गफलत नको.

कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा महिनोनमहिने बाहेर टिकतो ते साखरेमुळं, मुरांबा टिकतो तसंच. साखर इतकी दाट असते की जंतूंना वाढायला मोकळं पाणीच मिळत नाही. पण तुम्ही त्यात ४०० मिली दूध ओतलं की ते सगळं संपलं. आता ते फक्त गोड दूध आहे आणि त्याला दुधाचेच नियम. डब्यावरची तारीख बघून क्रीमर टिकेल असं धरणाऱ्यांचंच पोट बिघडतं.

काचेची बाटली आणि झाकण दहा मिनिटं पाण्यात उकळून पूर्ण कोरडी करा. क्रीमर पातेल्यात झाकून रात्रभर गार करत ठेवू नका, परातीत पाणी आणि बर्फ घालून पातेलं त्यात ठेवा, हलवत राहा, अर्ध्या तासात गार होतो, मग लगेच फ्रीज. फ्रीजच्या दारात ठेवू नका, दार सारखं उघडतंय, तिथं सगळ्यात जास्त गरम. आतल्या बाजूला मागं ठेवा. साखरेचा क्रीमर पाच-सहा दिवस, फार तर आठवडा. बिनसाखरेचा तीन-चार दिवसांत संपवा. म्हणून लिटर-लिटर करू नका, अर्धा लिटर दूध घेऊन आठवड्यातनं दोनदा करा, हे माझं ठाम सांगणं आहे. बाटलीला तोंड लावायचं नाही, ओला चमचा आत घालायचा नाही, आणि कपात घातलेलं उरलं तर परत बाटलीत ओतायचं नाही.

लाईट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद दारात चार तासांपर्यंत गारवा राहतो, त्यामुळं कालच्या अडीच तासांची काळजी नको. त्याच्या वर गेली तर वास घेऊन निर्णय घेऊ नका, टाकून द्या, कारण वेलदोडा नि व्हॅनिलाच्या वासात बिघडलेल्या दुधाचा वास लपतो. टेबलावर बाटली विसरली तर एरवी दोन तासांची मुभा आहे, आपल्या या दिवसांत एक तास धरा.

जास्तच करून ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, खडे झाले की पिशवीत काढून ठेवा, महिनाभर चालतंय. वितळल्यावर थोडा विस्कटल्यासारखा दिसतो, कोमट करून हलवला की जमतो. एका कपाला एक-दोन खडे.

रेल्वेचं विचारलंत तर लिक्विड नेऊ नये असं मी म्हणेन. न्यायचंच असेल तर पूर्ण गोठलेले खडे थर्मासमध्ये गच्च भरून, रात्रीच्या गाडीनं, आणि घरी पोचल्या पोचल्या बघायचं, मधे बर्फ शिल्लक असला तरच फ्रीजमध्ये ठेवायचं. सगळं पाणी झालेलं असेल तर ओतून टाकायचं.

हॉस्टेलच्या_मुलाची_आई

संध्याताई, सोबत द्यायला पावडर करा. मी मुलाला तीच देते, फ्रीज पण लागत नाही. एक वाटी फुल क्रीम मिल्क पावडर, अर्धी वाटी घरी दळलेली पिठीसाखर. विकतच्या पिठीसाखरेत कधी कधी कॉर्नफ्लोअर असतं, त्यानं कॉफी चिकट लागते. वेलदोड्याचे नुसते दाणे साखरेसोबतच दळायचे म्हणजे एकदम मऊ होतात, वर चिमूटभर जायफळ. कोको पाहिजे तर दोन चमचे. मग सगळं मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळून घ्यायचं. इसेन्स घालू नका, ओला असतो, गोळे होतात. वस्तू घेताना पाकिटावर मिल्क पावडरच लिहिलंय ना बघा, डेअरी व्हाइटनरमध्ये आधीच साखर असते, मग गोड फार होतं.

करायच्या वेळी कपात दोन चमचे पावडर घ्यायची, चमचाभर कोमट पाणी घालून आधी पेस्ट, मग कॉफी. थेट कढत कॉफीवर टाकली तर गुठळ्या होतात.

फुल क्रीम पावडरीत फॅट असतं, उन्हाळ्यात खोलीत ठेवली तर खवट वास येतो, म्हणून महिन्याच्या वर देऊ नका आणि घट्ट झाकणाचा कोरडा स्टीलचा डबा द्या. हैदराबादला घरी फ्रीज असेलच, तिला डबा फ्रीजमध्येच ठेवायला सांगा, पण बाहेर काढल्या काढल्या झाकण उघडू देऊ नका, आत दमटपणा जाऊन पावडर दगड होते. चारोळीची चव पाहिजे असेल तर भाजलेली चारोळी साखरेसोबत दळून घ्या, पण तसला डबा दोन आठवड्यांतच संपवायचा, तेल असतं त्यात.